तीन कार्ब्युरेटरचं व्हॅक्यूम लिंकेज मूळ रूपात आणताना

तीन कार्ब्युरेटरच्या जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये (मोठ्या, दमदार इंजिनच्या गाड्यांत) एक्सलरेटर फक्त मधल्या कार्बला जोडलेला असतो. पुढचा आणि मागचा कार्ब पायाने उघडत नाहीत, व्हॅक्यूमने उघडतात. मधल्या कार्बपासून पुढे-मागे जाणारे दोन रॉड दिसतात खरे, पण ते बाहेरचे, म्हणजे पुढचा-मागचा, कार्ब उघडण्यासाठी नाहीत. पाय काढला की ते नक्की बंद व्हावेत, एवढ्यासाठीच ते आहेत. म्हणून रॉडच्या टोकाला लांबट खाच असते आणि पिन त्यात मोकळी सरकते.

ही खाच बघून भल्याभल्या मेस्त्रींचा गैरसमज होतो. भोक झिजून लांबट झालंय असं समजून कोणी तिथे बुश (धातूची छोटी नळी) ठोकतो, कोणी खाच वेल्डिंगने भरून गोल भोक पाडतो. मग पायाबरोबर तिन्ही कार्ब एकदम उघडतात. मूळ रचनेत बाहेरच्या दोन कार्बना एक्सलरेटर पंपच (पाय दाबताच जास्तीचं पेट्रोल मारणारा) नाही. कमी आरपीएमला ते अचानक उघडले की हवा भसकन आत जाते आणि पेट्रोल मागे राहतं. गाडी गुदमरते, कार्बमधून फटाका मारते, आणि दोष इग्निशनवर जातो. तुमच्या गाडीत खाच भरलेली असेल तर पहिलं काम ती परत मोकळी करण्याचं किंवा योग्य रॉड मिळवण्याचं आहे. तोवर बाकी कशालाही हात लावू नका.

इथे लिहिलेलं सगळं होली कंपनीच्या २३०० जातीच्या दोन बॅरलच्या (दोन गळ्यांच्या) कार्बना लागू आहे. १९६७ ते १९६९ च्या ४२७ (घन इंच) इंजिनच्या कॉर्व्हेटमध्ये, १९६९ च्या मध्यात आलेल्या ४४० सिक्स पॅकच्या डॉज सुपर बी आणि ४४० सिक्स बॅरलच्या प्लिमथ रोड रनरमध्ये, तसंच १९७० च्या ३४० इंजिनच्या चॅलेंजर टी/ए आणि एएआर कुडामध्ये हीच जात आहे. पॉन्टिअ‍ॅक जीटीओच्या तीन कार्बच्या गाड्यांवर रॉचेस्टरचे कार्ब आहेत, त्यांची रचना वेगळी. ती या लेखात नाही.

व्हॅक्यूम कुठून येतो, हे एकदा पक्कं समजून घ्या. तो मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्बखालून सिलिंडरकडे जाणाऱ्या मार्गाचा, व्हॅक्यूम नाही. मधल्या कार्बच्या व्हेंच्युरीत, म्हणजे गळ्याच्या अरुंद भागात, एक बारीक छिद्र असतं. तिथून हवा जितकी जोरात जाते तितका त्या छिद्रावर ओढा तयार होतो. तो रबरी पाइपने पुढच्या-मागच्या डायफ्रॅमपर्यंत (लवचिक पडद्यापर्यंत) पोहोचतो, डायफ्रॅम स्प्रिंगच्या विरुद्ध वर सरकतो आणि त्याचा दांडा थ्रॉटल (कार्बची हवेची झडप) उघडतो. इंजिनला खरोखर हवा लागते तेव्हाच बाहेरचे कार्ब उघडतात, तेही हळूहळू. मॅनिफोल्डचा हिशोब अगदी उलटा आहे. तिथे स्लोवर, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, सर्वांत जास्त व्हॅक्यूम असतो, चांगल्या इंजिनला १५ ते १८ इंच पारा, आणि पूर्ण थ्रॉटलला जवळजवळ शून्य. पाइप चुकून मॅनिफोल्डच्या निपलला लागला तर डायफ्रॅमला स्लोवरच पूर्ण ओढ लागते, आणि पाय किंचित पडला तरी बाहेरचे कार्ब रॉडची खाच संपेपर्यंत उघडून रेस (इंजिनचा वेग) वर जाते. दुरुस्तीनंतर रेस खाली येत नसेल तर आधी हा पाइप बघा.

मूळ रचना राखण्याला एक सरकारी कारणही आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पण कागदपत्रं बाजूला ठेवली तरी व्हॅक्यूम लिंकेज नीट चालत असताना ही गाडी जशी ओढते, ती मजा जबरदस्तीने उघडणाऱ्या रॉडने येत नाही.

आधी हाताने तपासा

इंजिन बंद आणि थंड. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, एअर क्लीनर उतरवा. एकाने एक्सलरेटर पूर्ण दाबून धरावा. दुसऱ्याने पुढच्या कार्बचा थ्रॉटल लिव्हर बोटाने उघडावा, मग मागचा. दोन्हीकडे स्प्रिंगचा हलका, सारखा दाब जाणवला पाहिजे. कुठेही अडखळ नको. सोडल्यावर लिव्हर स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवा. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर तो रेंगाळला तर थ्रॉटलचा शाफ्ट (फिरणारी दांडी) किंवा त्यावरची प्लेट घासतेय. पेडल सोडल्यावरच बंद होत असेल तर डायफ्रॅमची स्प्रिंग मेली आहे किंवा शाफ्ट जाम आहे, आणि रॉड ओढून बंद करतोय.

मग शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा. स्पष्ट ‘टक टक’ जाणवली तर भोकं झिजली आहेत. झिजलेल्या भोकातून हवा आत शिरते, स्लो कधीच स्थिर होत नाही, आणि शाफ्ट तिरका बसल्यामुळे प्लेट भिंतीला घासते. बरेच जण या टप्प्यावर स्प्रिंग बदलायला धावतात. कमकुवत स्प्रिंग टाकल्याने घासणारा शाफ्ट उघडेल, पण बंद होणार नाही. क्रम असा ठेवा: आधी शाफ्ट, मग गळती, मग रॉडची लांबी, आणि स्प्रिंग अगदी शेवटी.

सामान

डायफ्रॅम २, त्यांची बारीक गोल पॅकिंग २, कार्बच्या तळाची पॅकिंग ३, बॉडी आणि थ्रॉटल बॉडीच्या मधली पॅकिंग ३, बोल (कार्बमधली पेट्रोलची वाटी) आणि मीटरिंगची पॅकिंग तिन्ही कार्बची, नीडल आणि सीट ३ जोड, मधल्या कार्बसाठी एक्सलरेटर पंपचा डायफ्रॅम १ आणि पॉवर व्हॉल्व्ह १, थ्रॉटल प्लेटचे स्क्रू १२ (प्रत्येक कार्बला दोन प्लेट, प्रत्येक प्लेटला दोन स्क्रू) आणि वर चार जास्तीचे, व्हॅक्यूम पाइप एक मीटर, टी जोड, रॉडच्या क्लिपा. हत्यारांत हाताने चालवायचा गेज असलेला व्हॅक्यूम पंप हवाच. त्याच्याशिवाय हे काम अंदाजपंचे होतं.

स्क्रूबद्दल एक ताकीद. सगळे आटे इंची आहेत. डायफ्रॅमच्या कव्हरचे स्क्रू ८-३२ आहेत, म्हणजे ४.१७ मिलिमीटर व्यास आणि इंचाला ३२ आटे. हार्डवेअरच्या दुकानात हाताशी मिळणारा एम-४ त्यात घुसतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण पकड अर्धवट असते. दोनदा काढला-घातला की जस्ताचे आटे भुगा होऊन बाहेर येतात. योग्य स्क्रू मागवून घ्या, थांबावं लागलं तरी चालेल.

सफाई

कार्बची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आहे. आपल्याकडे गोव्यात चवथीच्या आधी समया चिंचेने, लिंबाने, सोलांनी घासून लख्ख करतात. तो प्रयोग इथे अजिबात नको. पितळ ते सोसतं. जस्ताला आम्ल लागलं की पृष्ठभाग खरवडतो आणि बारीक छिद्रांच्या कडा जातात. कॉस्टिक सोडाही तसाच वाईट. सँड ब्लास्टिंग करू नका, वाळूचा एक कण आतल्या मार्गात अडकला तर शोधता शोधता दिवस जातो. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश, मग कार्ब क्लीनर, मग दोन-तीन बार दाबाची कोरडी हवा. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) किंवा छिद्रांत तार घालायची नाही. मधल्या कार्बच्या व्हेंच्युरीतलं ते सिग्नलचं छिद्र मात्र दोन्ही बाजूंनी हवा मारून मोकळं झाल्याची खात्री करा. तिथे जुन्या पेट्रोलचा डिंक जमतो, आणि ते बुजलं तर बाकीचं सगळं निर्दोष असूनही बाहेरचे कार्ब कधीच उघडत नाहीत.

लिव्हर आणि रॉडना गंज असेल तर झिंक प्लेटिंग करून घेता येतं. रंग कोणता द्यायचा हे ठरवायला वॉशरखालची जागा बघा, तिथे मूळ मुलामा टिकलेला असतो. प्लेटिंगवाल्याला जाडी ८ मायक्रॉनच्या आसपास ठेवायला सांगा आणि पिना, आटे, रॉडची खाच झाकायला लावा. ८ मायक्रॉनचा थर पिनेच्या व्यासात १६ मायक्रॉन भरतो, आणि खाचेत तेवढ्यानेही पिन अडकू शकते. स्प्रिंगा प्लेटिंगला देऊ नका. आम्लाच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताणलेली स्प्रिंग एके दिवशी कट्कन तुटते. द्यावीच लागली तर प्लेटिंगनंतर लगेच १९० अंश सेल्सिअसवर चार तास भाजून घ्यावी लागते, आणि ती सोय सगळ्यांकडे नसते.

शाफ्ट आणि प्लेट

थ्रॉटल प्लेटच्या स्क्रूंची टोकं कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. ती बारीक कानशीने सपाट केल्याशिवाय स्क्रू फिरवू नका, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच तुटेल. प्लेटच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, म्हणून कोणती प्लेट कुठल्या बॅरलची आणि तिची कुठली बाजू वर, हे मार्करने लिहून ठेवा.

भोकं झिजली असतील तर ब्राँझचे बुश बसवा. दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये, एकाच सरळ रेषेत रीम (रीमरने नेमक्या मापाची) झाली पाहिजेत. हातातल्या ड्रिलने एक-एक बाजू करणाऱ्याला हे काम देऊ नका. शाफ्ट आणि बुशमध्ये ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर मोकळीक पुरते. प्लेट न लावता शाफ्ट घालून बॉडी आडवी धरली की लिव्हर स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग प्लेट स्क्रू सैल ठेवून घाला, थ्रॉटल पूर्ण बंद करा आणि बॉडी बल्बसमोर धरा. प्लेटभोवती उजेडाची केसाएवढी रेषा सगळीकडे सारखी दिसायला हवी. एका बाजूला जाड दिसली तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्लेटला हलकं टिचवा, ती आपोआप मधे येते. स्क्रू आवळा, उघड-बंद करून पुन्हा उजेड बघा. समाधान झालं की एकेक स्क्रू काढून थ्रेड लॉकरचा थेंब लावून घाला आणि टोक परत पसरवा. ठोकताना शाफ्टखाली लाकडाचा किंवा पितळेचा आधार हवाच, नाहीतर शाफ्ट वाकतो आणि बुशांवर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. हे स्क्रू पक्के करण्यात कंटाळा नको. सुटलेला एक स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

डायफ्रॅम

नवा डायफ्रॅम बसवताना त्याच्या कडेचं छोटं छिद्र हौसिंगमधल्या हवेच्या मार्गावर अचूक आलं पाहिजे. ते सरकलं तर मार्गच बंद. दांडा वर उचलून डायफ्रॅम सपाट, ताण न पडता बसवा, स्प्रिंग ठेवा, कव्हर लावा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. काही हौसिंगमध्ये मार्गात एक बारीक गोळी असते, ती सफाईच्या वेळी गडगडून हरवते. उघडताना खाली ताट ठेवा.

तपासणी सोपी आहे. दांडा पूर्ण आत ढकला, हवेच्या छिद्रावर बोट घट्ट दाबा, दांडा सोडा. तो जिथल्या तिथे राहिला पाहिजे. हळूहळू खाली सरकला तर गळती आहे: डायफ्रॅम फाटका, कव्हर वाकडं, नाहीतर बारीक गोल पॅकिंग विसरलेलं. विसरण्यात हे पॅकिंग पहिल्या नंबरवर आहे, कारण जुनं काढताना त्याचा चुरा होतो आणि तिथे काही होतं हे लक्षातच राहत नाही.

दोन्ही बाजू जोडल्यावर पाइप मधल्या कार्बकडून सुटा करा आणि तिथे हातपंप लावा. पाच-सहा इंच व्हॅक्यूम देऊन अर्धा मिनिट थांबा. काटा खाली येता कामा नये. मधला थ्रॉटल पूर्ण उघडा धरून पंप हळूहळू मारत राहिलात तर पुढचा आणि मागचा दांडा साधारण एकाच आकड्यावर हलायला लागतो. एक आधी, एक उशिरा असेल तर स्प्रिंगा वेगवेगळ्या आहेत किंवा एक शाफ्ट अजून जड आहे.

इंजिनवर बसवणं आणि रॉड

तळाचे नट ७ ते ९ न्यूटन मीटरपर्यंतच, तिरपे-समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा. ‘अजून थोडं’ करण्याची सवय इथे महागात पडते. जास्त आवळलं की तळ वाकतो आणि टेबलावर लोण्यासारखा फिरणारा शाफ्ट इंजिनवर जाम होतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर लिव्हर बोटाने फिरवून बघा.

रॉड जोडताना तिन्ही थ्रॉटल बंद स्थितीत असावेत, मधला स्लोच्या स्क्रूवर टेकलेला. रॉडची लांबी अशी ठेवा की खाचेचं टोक पिनेला नुसतं टेकेल आणि बाहेरचा लिव्हर बंद बाजूला हलकासा दाबला जाईल. लांबी चुकीची असली तर दोनपैकी एक गोष्ट होते: बाहेरचे कार्ब पूर्ण मिटत नाहीत, किंवा रॉडच मधल्या थ्रॉटलला स्लोवर बसू देत नाही. दुसरा प्रकार ओळखायला रॉड काढून रेस बघा. रॉड काढल्यावर रेस उतरली तर रॉड चुकीचा लागला होता. शेवटी मधला थ्रॉटल पूर्ण उघडून, बाहेरचे दोन्ही बोटाने पूर्ण उघडून बघा. खाच आधी संपता कामा नये.

इंजिन सुरू केल्यावर गॅरेजमध्ये रेस देऊन बाहेरचे कार्ब उघडतात का बघू नका. उघडणार नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिनवर भार नसतो, तेवढी हवा गळ्यातून जातच नाही. ‘व्हॅक्यूम काम करत नाही’ म्हणून चांगली रचना याच चुकीच्या तपासणीवरून उखडली गेली आहे.

खरी तपासणी कागदाच्या साध्या क्लिपने होते. क्लिप डायफ्रॅमच्या दांड्यावर, हौसिंगच्या तळाला टेकवून अडकवा. दांडा वर गेला की हौसिंग क्लिपला खाली ढकलतं, आणि दांडा परत आल्यावर क्लिप सरकलेल्या जागीच राहते. दोन्ही दांड्यांवर एकेक लावा. पहाटे मोकळ्या, सरळ चढावर वेगमर्यादेत राहून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल द्या. चढ असला की कमी वेगातही भार मिळतो. पूर्ण उघडणं बघायचं तर डायनो, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र. परत आल्यावर क्लिप किती सरकली ते मोजा आणि हाताने मोजलेल्या पूर्ण हालचालीशी ताडून बघा. दोन्ही क्लिपा सारख्या सरकल्या तर रचना जुळली. एक निम्मीच सरकली तर त्या बाजूचा पाइप, पॅकिंग, शाफ्ट पुन्हा बघा.

आता स्प्रिंग. होलीच्या रंगांचा क्रम हलक्याकडून भारीकडे असा: पांढरी, पिवळी, जांभळी, बिनरंगी, तपकिरी, काळी. बाहेरचे कार्ब उघडताना गाडी क्षणभर गुदमरत असेल तर एक पायरी भारी घ्या, वरच्या आरपीएमला पूर्ण उघडत नसतील तर एक पायरी हलकी. दोन्हीकडे एकच रंग, एका वेळी एकच पायरी.

आपली हवा, आपलं पेट्रोल

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुनं कॉर्क आणि रबर फुगतं, म्हणून नीडल व्हायटॉन (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाची आणि पेट्रोलचा पाइप इथेनॉल सोसणारा घ्या. हे पेट्रोल साध्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त लागतं, त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतं. मधल्या कार्बचा जेट साधारण दोन नंबर वर घ्या आणि प्लग बघा. बाहेरच्या कार्बमध्ये जेटऐवजी छिद्रं पाडलेली मीटरिंग प्लेट असते. ती ड्रिलने मोठी करू नका. मूळ प्लेट जपून ठेवून वेगळी विकत घ्या.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मिरगापासून चवथीपर्यंत गोव्यात हवेत पाण्याला तोटा नाही. बोलमध्ये पांढरी पूड दिसली तर ती गंजलेल्या जस्ताची आहे. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर तिन्ही बोल रिकामे करा. बाहेरच्या दोघांतलं पेट्रोल एरवीही कमी वापरलं जातं आणि तिथेच आधी डिंक होतो. कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खाऱ्या वाऱ्याने रॉडच्या पिना आणि रिटर्न स्प्रिंगा आधी गंज धरतात. महिन्यातून एकदा पुसून हलक्या तेलाचा एक थेंब द्या. ग्रीस नको. डिचोली-उसगाव भागातली लाल धूळ ग्रीसला चिकटून खाचेत लेप बसतो, आणि बंद होताना पिन नेमकी तिथेच अडते. चवथीनंतर गाडी पहिल्यांदा काढाल तेव्हा चावी फिरवण्याआधी एक्सलरेटर दाबून धरून दोन्ही बाहेरचे लिव्हर बोटाने उघडून सोडा. दोन्ही पूर्ण मिटले तरच इंजिन सुरू करा.